वाफ्याच्या कडेचे गोटे

एकोणीसशे चौपन्न साली मी अहेरीकडच्या जंगलात नाकेदार होतो. नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा अगदी खालचा नोकर, पण खाकी चढवली की मी स्वतःला कलेक्टर समजायचो. सावली गावाकडच्या धानपट्ट्यातून आलेला गडी, तरी जंगलातलं सगळं मलाच कळतं अशी माझी पक्की समजूत.

माझी बायको रंभा ब्रह्मपुरीची. लग्नाला दोन महिने झाले नाहीत तोच म्हणाली, "मले इथी करमत नाई. दिवाळीले माहेरी गेली तं वापस नाई येनार." मी हादरलो. माहेरच्या परसबागेचं मात्र ती तासन् तास बोलायची. म्हटलं, हिला बागच करून देऊ, मग कशी जाते बघू.

भर उन्हाळ्यात आम्ही ओसरीवर कोळशानं नकाशा काढला. विहिरीजवळ वांगी-मिरच्या, मधे बरबटीचा, म्हणजे चवळीचा, मांडव, नाल्याच्या अंगाला मक्याच्या चार ओळी. रंभा पुसायची, पुन्हा काढायची आणि हसायची. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पावसात वाफे वाहून जाऊ नयेत म्हणून कडेला गोटे हवे होते. घरामागं, नाल्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर, कमरेएवढा ढीग आयताच पडला होता. मी टोपलं भरत होतो तेवढ्यात पलीकडच्या गोंडांच्या गावचा म्हातारा कोलू थांबला.

"हे गोटे नोका नेऊ, भाऊ. इथी माह्या भावाले वाघानं नेलं. जो जाते तो एक गोटा टाकते अन् मोठ्यानं बोलत जाते. वाघाची वाट हाये ही."

"किती वर्सं झाली?"

"बारा."

"मंग तो वाघ कवाचाच मेला असन!" मी हसलो.

"दुसरा येते," कोलू म्हणाला. "ह्या अंगाले काही लावू नोका. मोकळं राहू द्या."

मी चार दिवसांत ढीग संपवला. हे गोटे कुठले, असं रंभानं विचारलं तेव्हा "नाल्यातले" म्हणून मोकळा झालो. खरं सांगितलं असतं तर तिनं दिवाळीचीही वाट पाहिली नसती.

भादव्यात मका डोक्याच्या वर गेला. बाग अशी माजली की रंभा माहेरचं नावही काढेना. मी मिशीवर ताव देत फिरू लागलो. मग कणसांसाठी रानडुकरं कुंपण फोडून येऊ लागली, आणि एका सकाळी मिरचीच्या वाफ्यात, ओल्या मातीत, माझ्या पंज्यापेक्षा मोठा पंजा उमटलेला दिसला. डुकरांच्या मागावर वाघ आला होता. आत रंभा चूल फुंकत होती. मी खुरपं घेतलं आणि पाऊल पुसून माती सारखी केली. आज मका कापून टाकू असं ठरवलं, पण मग म्हटलं, कणसं भरत आलीत, आठ दिवस थांबू.

तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी गस्तीवरून परतलो तेव्हा चुलीवर भात करपला होता. बरबटीच्या मांडवाखाली शेंगांची टोपली उपडी पडली होती. मका मधोमध आडवा झाला होता, नाल्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी कोलूच्या गावची माणसं आली. त्यांनी वाफ्यांच्या कडेचे गोटे उपटले आणि एकेक करून पायवाटेवर जुन्या जागी नेऊन टाकले. कोलूनं पहिला गोटा माझ्या हातात दिला. "तुमी टाका, भाऊ. अन् मोठ्यानं बोला."

मी गोटा टाकला. त्यानंतर बदली होईपर्यंत मी रोज तिथून गेलो, रोज एक गोटा टाकला आणि पुऱ्या जंगलाला ऐकू जाईल असं ओरडलो, "रंभे, पाऊल मी पाह्यलं होतं. मीच पुसलं!"