दोघांचं मिळून वजन

दोन महिन्यांत चौथ्यांदा मागच्या चाकातली हवा गेली, तेव्हा माझी बायको सायकलवरून उतरली, पिशवीतून गाण्यांची वही काढली आणि कडेच्या कठड्यावर बसून गुणगुणू लागली. मी पाने, ट्यूब आणि पंप मांडून रस्त्यावर बसकण मारली. ती रागावत नव्हती, याचीच मला जास्त धास्ती वाटत होती.

"तालीम सुरू झाली असेल," मी म्हणालो.

"असेल. तुमचं चालू द्या सावकाश. इथे बसून माझी दोन गाणी पाठ झालीत. अजून चारदा पंक्चर झालं तर मी स्टेजवर वहीशिवाय उभी राहीन."

आमची सायकल टँडेम आहे. पुढे मी बसतो, मागे ती. दोघांची पेडलं साखळीने एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे एकाने पाय थांबवला की दुसऱ्याचाही थांबतो. चाकं लहान, वीस इंची, म्हणून ती आमच्या जिन्याखाली मावते. दोन वर्षांपूर्वी बायकोला डोळ्यांच्या कडेचं दिसेनासं झालं आणि डॉक्टरांनी तिला एकटीने सायकल चालवायला मनाई केली, तेव्हा आम्ही ही घेतली. दर शनिवारी सकाळी नदीपलीकडच्या सभागृहात तिच्या गायनमंडळाची तालीम असते. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी समोरासमोर बसलं की मी हवापाण्याच्या पुढे जात नाही. पण तिच्याकडे पाठ असली की मला बोलता येतं. आठवड्यातून तो दीड तास मी बोलतो, हे तिच्या लक्षात आलं आहे की नाही, विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा मंडळी खुर्च्या आवरत होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "धाकट्याचा फोन आला होता." धाकटा म्हणजे तिचा भाऊ. "म्हणतोय, दर शनिवारी मी तुला गाडीने सोडतो, भाओजींना घरी वाचू दे निवांत. मी त्याला सांगितलं, पुढच्या शनिवारपर्यंत थांब. तोवर टायर बदला. बदलूनही रस्त्यात बसायची वेळ आली, तर मी आपली गाडीने जाईन."

"बरोबर आहे," मी म्हणालो. मला ते मुळीच बरोबर वाटत नव्हतं.

मी आयुष्यभर मुद्रितशोधक होतो. अडचण आली की वाचनालयात जायचं, एवढंच मला येतं. तीन दिवस मी टायरांबद्दल वाचलं. वीस इंची म्हणून विकली जाणारी चाकंसुद्धा दोन वेगवेगळ्या मापांची असतात, हे कळल्यावर घरी जाऊन टायरच्या बाजूवरचे बारीक आकडे भिंगाने वाचून आलो. माझ्या वहीची अकरा पानं भरली. रबराची जाडी, नक्षी, आतला संरक्षक थर, किती किलोमीटर टिकतो. फक्त एक रकाना कोरा राहिला. प्रत्येक टायर किती भार पेलतो ते लिहिलेलं होतं, पण आमचा भार किती, ते मला ठाऊक नव्हतं. माझं वजन मी करून घेऊ शकत होतो. तिचं विचारावं लागणार होतं.

दोनदा विचारायला गेलो. एकदा ती भाजी निवडत होती, तर मी "पाऊस येईलसं वाटतं" म्हणून परत आलो. दुसऱ्यांदा नुसताच परत आलो.

गुरुवारी सायकल घेऊन दुकानात निघालो, तर तिने चपला पायांत सरकवल्या. "मीही येते. एकटे गेलात तर टायरऐवजी पुस्तक घेऊन याल."

सायकलच्या दुकानाची मालकीण पन्नाशीची आहे. हात कोपरापर्यंत काळे, चष्मा कपाळावर. आम्ही सायकल तिच्याकडूनच घेतली होती. तिने मागचं चाक सोडवलं, शनिवारी मी बदललेली जुनी ट्यूब मागून घेतली, हवा भरून पाण्यात धरली आणि मला बोलावलं.

"काका, हे बघा. शेजारी शेजारी दोन भोकं. ही काच नाही आणि खिळाही नाही. चाक खड्ड्यात आदळलं की ट्यूब रिमखाली चिमटते, तेव्हा असं होतं. तुम्ही हवा कमी भरता."

मला हे लागलं. "मी दर शुक्रवारी हवा भरतो. काट्यावर बघून. तुम्हीच लिहून दिलेल्या आकड्याप्रमाणे." आणि पंपावर चिकटवलेली चिठ्ठी तिच्यापुढे धरली.

तिने चष्मा खाली ओढून वाचलं. "दोघांचं मिळून एकशेतीस किलो, त्याला एवढी हवा." मग तिने आमच्याकडे पाहिलं. आधी माझ्याकडे, मग बायकोकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "एकशेतीस?"

मी वहीची पानं उलटू लागलो.

"ती वही द्या बघू इकडे," बायको म्हणाली आणि तिने ती घेतलीच. कोऱ्या रकान्यावर तिचं बोट थांबलं. "हा का रिकामा?"

"ते... विचारायचं राहिलं."

"कुणाला?"

मी पंपाकडे बघू लागलो. तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका असलेल्या बाईला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. कोपऱ्यात कुरिअरची खोकी तोलायचा काटा होता. ती थेट तिकडे गेली.

"चपला काढू की राहू देत?"

"सायकल चालवताना घालता ना, काकू? मग राहू देत. पिशवीसुद्धा घ्या."

"अठ्ठ्याहत्तर," बायकोने स्वतःच वाचलं, बाळाचं वजन आईला सांगावं तशा आवाजात. "या तुम्ही."

माझं चौऱ्याहत्तर भरलं.

"एकशेबावन्न," दुकानदारीण म्हणाली. "काका, बावीस किलो कुठे ठेवून आला होतात?"

मग मला सांगावंच लागलं. सायकल घेतली त्या दिवशी मालकीणबाईंनी वजन विचारलं, तेव्हा बायको शेजारीच उभी होती. चारचौघांत तिचं वजन जास्त सांगणं मला प्रशस्त वाटेना, म्हणून मी मनाशी साठ धरलं. मग तिचं कमी आणि आपलं खरं, हेही बरं दिसेना, म्हणून स्वतःचं सत्तर धरलं.

बायकोने वही मिटून माझ्या हातात दिली.

"मी ऐकलं होतं तुमचं एकशेतीस," ती म्हणाली. "मला वाटलं, सगळं तुम्ही स्वतःचंच उतरवलंत. पोट सुटल्याचं मनाला लागलंय बिचाऱ्यांच्या, उगाच कशाला टोका, म्हणून गप्प बसले."

"म्हणजे तू मला बावन्न किलोचा समजू दिलंस यांना?"

"चेहऱ्याने वाटताच तुम्ही तसे."

दुकानदारीण काउंटरवर वाकून हसत होती. "दोन वर्षं! एकमेकांची भीड राखायची आणि मार खायचा टायरने!"

तिने दोन प्रकारचे टायर पुढे ठेवले. एक हलका, वेगाने पळणारा. माझ्या वहीत त्याच्याखाली दोन रेघा होत्या. दुसरा काळा, गुळगुळीत, आत जाड रबराचा थर असलेला. "हा जड आहे. चढावर जाणवेल. पण शंभर किलो एकटा पेलतो, आणि तुमच्यासारख्या जोडीत मागच्या चाकावरच जास्त भार येतो. हवा मात्र आता मी सांगते तेवढी. चिठ्ठी नवी लिहिते."

मी वही उघडली. या टायरबद्दल एका ठिकाणी वाचलं होतं की तो थोडा घासत चालतो, आणि दुसऱ्या ठिकाणी...

"जडच द्या," बायको म्हणाली. "आम्ही तरी कुठे हलके आहोत? आता लेखी पुरावा आहे."

शनिवारी आम्ही निघालो. सायकल खरोखरच जड चालत होती, आणि इतकी हवा भरलेली की प्रत्येक खडा हाडांपर्यंत कळत होता. प्रत्येक आवाजाला मी दचकत होतो. पूल ओलांडला, बाजाराचा दोन महिन्यांपूर्वी उखडलेला रस्ता गेला, तरी मागचं चाक ताठ होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात दुसरंच आलं. अंदाजाने फक्त वजनच धरलं होतं असं नाही. तिला हे यायला-जायला आवडतं, हेही मी धरूनच चाललो होतो. गाडी सोयीची होती. कदाचित इथेही ती माझी भीड राखत असेल.

"एक विचारू?" मी समोर बघत म्हणालो. "तुला गाडीनेच जायचं आहे का? खरं सांग. मला वाईट वाटेल म्हणून नको येऊस."

पेडलं थांबली. तिने पाय रोखले होते, त्यामुळे माझेही रोखले गेले, आणि आम्ही तसेच, काही न करता, उतारावर घरंगळत राहिलो. मला वाटलं, विचारायलाच नको होतं.

"धाकट्याच्या गाडीत," ती मागून म्हणाली, "बोलतो तो. जाताना त्याचं ऑफिस, येताना त्याचं ऑफिस. इथे तुम्ही दोन वाक्यं बोलता आणि मला विचार करायला अर्धा तास देता." मग पाय सैल सोडत ती म्हणाली, "आता चढ आलाय. मारा पेडल. एकशेबावन्न किलो मी एकटी ओढणार नाही."