नूर महंमदची तीनशे पावलं

सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्यापासून लपून राहील अशी एकही वस्तू देवाने घडवलेली नाही, असं धनसिंगभाऊंनी यावलच्या बसस्टँडवर जाहीर केलं. त्या वेळी ते कपाळावरचा चष्मा पिशवीत शोधत होते.

साल एक्क्याण्णव. भाऊ सरकारी मोजणीदार म्हणून निवृत्त झालेले, त्यांचा दोस्त नूर महंमद शिंपी. एकाने जन्मभर जमिनी मोजल्या, दुसऱ्याने माणसं. म्हातारपणी दोघांनी एक खेळ काढला. एकाने डब्यात वही, पेन्सिल आणि एखादी बारकी वस्तू घालून डबा रानात लपवायचा, चिठ्ठीवर दिशा आणि पावलं लिहून द्यायची. दुसऱ्याने होकायंत्र घेऊन तो हुडकायचा, वहीत तारखेसह सही करायची, वस्तू घ्यायची, आपली ठेवायची. बक्षीस काही नाही. भाऊंच्या मंडळी कमलबाई शेजाऱ्यांना सांगत, "हे कामाला गेलेत." कोणत्या, ते सांगत नसत.

नूरने शेवटची चिठ्ठी दिली, तेव्हा भाऊ पुतण्याच्या लग्नाला शिरपूरला निघाले होते. "आल्यावर शोधजो, घाई नही शे," नूर म्हणाला. भाऊ परतले तोवर त्याला दफन करून तीन दिवस झाले होते.

डब्यात दोस्ताचं शेवटचं अक्षर होतं. ते हाती लागेपर्यंत नूर गेला, हे भाऊ मानायला तयार नव्हते. चिठ्ठीत होतं: तलावाच्या सांडव्यापासून उगवतीला तीनशे पावलं, पळसाखाली. नूर उंच, त्याची शंभर म्हणजे भाऊंची एकशे दहा, हे जुनं कोष्टक. वाटेत पळस ढीगभर, तीनशे तीसवर मात्र एकही नव्हता, एक म्हैस होती. चार रविवार गेले, चारही वेळा तीच.

आज पाचवा. बसला वेळ होता, म्हणून भाऊ नूरच्या घरी डोकावले. त्याची बायको अमिनाबी ओट्यावर बसली होती.

"अजून फिरूनच राहिले का भाऊ?"

"तुमच्या माणसाने पावलं चुकीची लिहिलीत, भाभी. शिंपी असून."

"चुकीची कशी असतील? शेवटी शेवटी तेच तर मोजायचे. ओट्यापासून मोरीपर्यंत वीस, म्हणायचे."

भाऊ ओट्यापासून मोरीपर्यंत चालले. सात झाली.

"मला म्हणाला, गुडघा दुखतो."

"तुम्हाला गुडघा सांगितला, मला अपचन. डॉक्टरला काय सांगितलं, डॉक्टर जाणे."

भाऊंनी मनातल्या मनात गणित मांडलं. तीनशेची एकशे पाच. आयुष्यात पहिल्यांदाच उत्तर बरोबर आल्याचं त्यांना वाईट वाटलं.

सांडव्यावरून ते आपल्या चालीने गेलेच नाहीत. नूरच्या पावलांनी गेले, टाच जेमतेम पुढे सरकवत, एकेक मोजत. ऐंशीवर बसण्याजोगा दगड होता, तिथे बसले. एकशे साठवर दुसरा, तिथेही. एवढ्याशा वाटेला अर्धा तास लागला. हा माणूस एकटा आला होता, आणि आपण शिरपूरच्या लग्नातल्या बुंदीचा हिशेब करत होतो.

पळसाच्या मुळाशी, दोन दगडांच्या आड डबा होता. आत वस्तू म्हणून नूरचं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून चाळीस वर्षं बोटात घातलेलं. भाऊंनी ते आपल्या बोटात घालून पाहिलं. सैल झालं.

मग नाक पुसून, मन घट्ट करून त्यांनी वही उघडली. अक्षर थरथरलेलं, पण लागत होतं.

"धनसिंग, हाऊ डबा अमिनाना शे. हळदना. ती रोज विचारस. तेवढा घर देई ये."