नव्वद सेकंदांचा मंत्र

लाखांदूरच्या बसस्थानकासमोर विनोदचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या पंधरवड्यात तिथे अर्ज टाइप करायला येणाऱ्यांपेक्षा कागद निघताना पाहायला येणारेच जास्त. मी नर्सच्या नोकरीतून नुकतीच निवृत्त झाले होते. पेन्शनचा अर्ज घेऊन त्याच गर्दीत उभी होते.

चमत्कार असा होता. दुकानात टायपिंगला नव्यानं लागलेल्या दीपमालानं अर्ज छापायला दिला की प्रिंटर घरघरायचा, दिवा लुकलुकायचा आणि मग तो पान पोटात ठेवून गप्प व्हायचा. मग लाखनीहून आलेले मांत्रिक गोमाजी महाराज पुढे सरसावत, प्रिंटरला अंगारा फासत.

"यंत्र विलायती असन, पण आत्मा देशीच आहे! सोड माय, सोड!"

मंत्र चाले, चाले आणि पान बाहेर येई. लोक हात जोडत.

दीपमालाचा नवरा वारून वर्ष झालं होतं. पदरी दोन लेकरं, आणि या खुर्चीवर घर चाले. महाराजांचं निदान ठरलेलं होतं. "विधवेचा हात लागते, म्हणून यंत्र रुसते. इले काढा."

"बाई, सोमवारपासून येऊ नको," विनोद खाली मान घालून तिला म्हणाला. "गिऱ्हाईक तुटून राहिले."

"मी आली त्याच दिवसापासून अडकते, हे खरं आहे भाऊ," दीपमाला म्हणाली. "पण माह्या हातानं काहून अडकन?"

"त्या दिवशी दुकानात आणखी काय नवं आलं होतं?" मी विचारलं.

विनोद आठवू लागला. "अर्जाचा नवा प्रोग्राम टाकला होता."

नाडी मोजण्यात माझा जन्म गेला. मी घड्याळ लावून मंत्र मोजला. नव्वद सेकंद. पुढच्या अर्जालाही नव्वदच.

"महाराज, आता एकदा गप्प राहा. विनोद, तू छाप."

"देवाची परीक्षा घेऊन राहिल्या काय बाई?"

"देवाची नाही, प्रिंटरची."

विनोदच्या हातूनही पान अडकलं. दुकानात चिडीचूप. नव्वदाव्या सेकंदाला ते आपलं आपण बाहेर आलं.

"मी मनातल्या मनात म्हणत होतो," महाराज म्हणाले.

"मग पुढचं तिसाव्या सेकंदाला काढून दाखवा."

महाराज घाम फुटेस्तोवर पुटपुटले. प्रिंटर ढिम्म. "अमावस्या जवळ आहे," असं सांगून ते लाखनीच्या गाडीकडे निघाले.

तेवढ्यात दीपमाला म्हणाली, "बाई, मागून लगेच दुसरा अर्ज पाठवला तं पहिला तवाच निघते. म्हणजे पहिला संपला, हेच प्रिंटरले समजत नसन. आणखी ओळी येतीन म्हणून तो वाट पाहते."

अगदी तसंच होतं. जुना प्रोग्राम प्रत्येक अर्जाच्या शेवटी 'काम संपलं' अशी खूण पाठवायचा, नवा पाठवत नव्हता. प्रिंटर नव्वद सेकंद वाट पाहायचा आणि मग पान सोडून द्यायचा. दीपमालानंच खटपट करून पान बाहेर काढण्याची सूचना प्रत्येक अर्जाच्या शेवटी जोडली. पुढचा अर्ज क्षणात हाती आला. चमत्कार संपला तशी गर्दीही पांगली.

"सोमवारी लवकर ये," विनोद तिला म्हणाला. माफी मात्र त्यानं मागितली नाही.

यंत्र महाराजांना कळत नव्हतं, याचा मला राग नाही. मलाही कळत नव्हतं. पण जे कळत नाही त्याचा दोष एखाद्या बाईच्या कपाळी मारण्याआधी दीड मिनिट गप्प बसून पाहावं. एवढं तर कोणालाही जमतं.