तांब्या कोणत्या हाताने घेते

मी एक जुनी रॅकेट आहे, टेनिसची, आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. मित्रांनो, हा स्वभाव मला जन्मतः मिळालेला नाही. एक इशारा माझ्यासमोर दिला गेला आणि माझ्यासमोरच हसण्यावारी नेला गेला, तेव्हापासून मी अशी झाले.

साल २००२. पुण्यात लष्कर भागात एका दुकानाच्या जिन्याखाली कुशाबा नावाचा माणूस रॅकेटचं गटिंग करायचा. गटिंग म्हणजे रॅकेटच्या तोंडावर तारांची जाळी ओढणं. यंत्रात मला घट्ट धरून तो एकेक तार ओढत होता आणि समोर माझी मालकीण, हेमलता, स्टुलावर बसली होती.

"मागल्या वर्षी छप्पन पौंड ताण मागत हुतीस," कुशाबा म्हणाला. "मग चोपन्न. मग एकावन्न. आता सत्तेचाळीस म्हनतीस. तार सैल मागनाऱ्याचा हात दुखत असतोय, पोरी. कोपर दाखव."

हेमलता हसली. "काका, नवीन तार जरा बोचते, एवढंच. तुम्ही ओढा."

कुशाबाने तार ओढली, पण मान हलवत. मला सगळं ठाऊक होतं. माझी मूठ तिच्याच तळव्यात असायची. पण रॅकेटला कोण विचारतं?

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. काळी, टणक, चकचकीत अशी मी प्लास्टिकच्या पिशवीतून पुण्याला आले. १९९८ साली एका टेनिस क्लबच्या सभासदांनी मला हेमलताला भेट दिलं. ती तेव्हा सतरा वर्षांची होती आणि त्याच क्लबच्या माळ्याची मुलगी होती. तिचे वडील कोंडाजी घोटावड्याहून रोज पहाटेच्या एसटीने यायचे, कोर्टवर पाणी मारायचे, रूळ फिरवायचे आणि चुन्याच्या रेघा आखायचे. संध्याकाळी गावी परतले की मुलीसाठी घरचं कोर्ट तयार करायचे. भाताचं खळं आणि त्याला लागून असलेलं खाचर त्यांनी सपाट केलं होतं आणि दर आठ दिवसांनी ते शेणाने सारवायचे. गावात लोक म्हणायचे, कोंडाजीचं खळं झोडणीला कमी आणि चेंडूला जास्त.

सारवलेल्या जमिनीवर चेंडू उसळत नाही. तो घोट्याशी सरपटत येतो. त्यामुळे हेमलताला लहानपणापासून खाली वाकून चेंडू कापायची सवय लागली. शहरातल्या मुलींना तो फटका समजायचाच नाही. त्या वाट बघत उभ्या राहायच्या आणि चेंडू त्यांच्या पायांशी मरून पडायचा. जिल्हा झाला, राज्य झालं, आणि २००१ साली ती राष्ट्रीय विजेती झाली. घोटावड्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मिरवणूक निघाली. माझ्यावर इतका गुलाल पडला की माझ्या भोकांतून तो पुढचे दोन महिने सांडत होता. सगळे म्हणाले, आपली पोरगी. मी तेव्हा भोळी होते. मला ते खरं वाटलं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. २००३ च्या एका उपांत्य सामन्यात तिने सर्व्हिससाठी मला डोक्यावर उचललं आणि कोपरात काहीतरी चरकलं. मी तिच्या हातातून निसटले आणि जमिनीवर आपटले. शस्त्रक्रिया झाली, पण उजवा हात पूर्वीसारखा सरळ झाला नाही. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या की विजेतीने खेळातून निवृत्ती घेतली. ट्रॉली काही आली नाही.

मी माळ्यावर गेले, भाताच्या पोत्यांशेजारी. उंदरांनी माझ्या मुठीचं कातडं कुरतडलं. त्या अंधारात मला संशयाची सवय लागली. खाली कुणी "हेमलता हाय का घरी?" असं विचारलं की मी कान टवकारायची. याला काय पाहिजे असेल? कप बघायचाय की खळ्याची जमीन? कारण तोवर हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि घोटावड्यापर्यंत मोजणीच्या साखळ्या पोचल्या होत्या.

हेमलताने खळं विकलं नाही. २००५ साली तिने तिथे जाळं बांधलं आणि मुलांना शिकवायला सुरुवात केली. मला खाली काढून नवी मूठ बसवली आणि भिंतीवरच्या खुंटीला टांगलं. आता सगळी मुलं तिला ताई म्हणायची. ताईचा एक शिरस्ता होता. खळ्यावर येणाऱ्या प्रत्येक मुलाला ती आधी पितळी तांब्या भरून पाणी द्यायची. तोंड न लावता, तांब्या उंच धरून, वरून धार सोडून प्यायचं. पाहुण्याला पाणी देण्याची गावची रीत आहे, म्हणून कुणाला वेगळं वाटायचं नाही. पण खुंटीवरून मला दिसायचं की ताई पाण्याकडे बघतच नाही. ती कोपराकडे बघते.

२००८ च्या जूनमध्ये मेधा आली. ती मूळची परभणीची. नवरा निषाद हिंजवडीत कंपनीत कामाला होता आणि ते जवळच्या जांबे गावात भाड्याने राहत होते. सोबत अकरा वर्षांची किमया. मेधा शिकलेली होती, प्रेमळ होती, पण काळजीने तिचे डोळे एका जागी ठरत नसत. त्या वर्षी जांब्यात दोन मुलांना कावीळ झाली होती. ताईने तांब्या पुढे केला तशी मेधाने किमयाचा हात मागे घेतला. "डॉक्टरांनी फक्त उकळलेलं सांगितलंय," असं म्हणून तिने पिशवीतून नळीची बाटली काढली. डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नव्हतं. पण खरं सांगू? मला तिचा राग आला नाही. माझ्याच जातीची वाटली ती मला. सगळ्यांकडे डोळे बारीक करून बघणारी.

किमया चांगली खेळायची. तिच्या बरोबरीची दुसरी मुलगी म्हणजे दिशा, ताईच्या भावाची लेक. आणि इथेच मेधाच्या मनात पहिला खडा पडला. ताई दिशाला दोन मिनिटं जास्त शिकवते का? दिशाला चांगले चेंडू देते का? मेधा बाकावर बसून मोजायची. एक दिवस तिची नजर खुंटीवर गेली आणि तिने विचारलं की राष्ट्रीय स्पर्धा जिंकली ती हीच ना, मग ही किमयाला खेळायला का देत नाही?

"ती जड हाय, किमयाच्या आई," ताई म्हणाली. "मोठ्या बाईच्या हाताची हाय. अजून दोन वर्सं थांबा."

मेधाला वाटलं, दोन वर्षांनी ही दिशाच्या हातात जाणार. ती रोज विषय काढू लागली. किमयाही आईच्या सुरात सूर मिसळून मागू लागली. शेवटी ताई कंटाळली असावी. तिने मला खाली काढलं आणि किमयाच्या हातात ठेवताना एक अट घातली. रोज आल्यावर, खेळायच्या आधी, ताईसमोर तांब्यातून पाणी प्यायचं. बाकी काही नको.

मेधा हो म्हणाली. आणि गाडीत बसल्यावर लेकीला म्हणाली, "मी कुणाशी तरी बोलण्यात ताईंना गुंतवीन, तू आपली बाटलीच काढ. त्या पाण्यात काय असतं कुणास ठाऊक."

मित्रांनो, मी तेव्हा किमयाच्या मांडीवर होते. पुढे रोज तसंच झालं. इतका संशय पाण्यावर, जमिनीवर, ताईवर आणि त्या बिचाऱ्या दिशावर. फक्त माझ्यावर कुणी संशय घेतला नाही. आणि दोष माझाच होता. माझं वजन त्या कोवळ्या हाताला पेलत नव्हतं. प्रत्येक फटक्याचा हादरा मी तिच्या कोपरात सोडत होते. दिवाळीनंतर तिची पकड बदलली. ती मला मधूनच दोन्ही हातांनी धरू लागली. वेणी घालताना तिचा उजवा हात वर जायचा नाही, म्हणून ती आईला म्हणायची, "तूच घाल ना." आईला वाटायचं, लाडात आलीय.

जानेवारीत माझी एक तार तुटली. निषाद लेकीला घेऊन कुशाबाकडे गेला आणि गाडी लावायला जागा शोधत बाहेर थांबला. किमया जिन्याखाली एकटी आली. कुशाबा आता म्हातारा झाला होता. त्याने मला उलटं केलं आणि दांड्यावर खिळ्याने कोरलेलं 'हे' अक्षर अंगठ्याने चाचपलं.

"ताण किती ठिऊ?"

"थोडी सैल ठेवा, काका," किमया हळूच म्हणाली. "तार बोचते."

कुशाबाचे हात थांबले. त्याने सगळ्या तारा कापल्या, नव्या ओढल्या, मला परत दिलं आणि पोरगी जिना सोडून जाताच हेमलताला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी ताईने मेधाला बाजूला घेतलं. किमयाला तीन महिने खेळू देऊ नका, पुढच्या आठवड्याच्या बारा वर्षांखालच्या स्पर्धेतून नाव काढा, आणि हाताच्या डॉक्टरांना दाखवा, असं तिने सांगितलं. मेधाने लेकीला तिथेच विचारलं, "दुखतंय का गं?" किमयाने आईच्या तोंडाकडे बघितलं. आईने नवा स्कर्ट शिवून आणला होता, आजोबांना फोन करून सांगितलं होतं. "नाही दुखत," ती म्हणाली.

मग काय, मेधाचा हिशेब चुटकीसरशी जुळला. स्पर्धेत कोण कुणाशी खेळणार त्याची यादी लागली होती. पहिली फेरी जिंकली की दुसरीत किमयाची गाठ दिशाशीच होती.

"तुमच्या भाचीची वाट मोकळी करताय," मेधा म्हणाली. आवाज चढवला नाही तिने, पण बाकावरच्या सगळ्या आया वळून बघायला लागल्या.

ताईचा चेहरा उतरला. "मला बी तवा असंच वाटलं हुतं," ती म्हणाली. "कुशाबाकाका माज्या वाटंत येतोय म्हनून. त्याचं ऐकलं न्हाई. आज खळ्यावर बसलीये बगा मी."

मेधाने ऐकलं नाही.

स्पर्धा पुण्यातल्या एका क्लबमध्ये होती, लाल मातीच्या कोर्टवर. किमयाने पहिला सामना जिंकला. कशी जिंकली ते माझं मला माहीत. शेवटच्या चार गुणांत तिचे दात एकमेकांवर घासल्याचा आवाज मला ऐकू येत होता. बाहेर आली तेव्हा घाम निथळत होता आणि नळीची बाटली केव्हाच संपली होती. तेवढ्यात दिशा आली. हातात तोच पितळी तांब्या, काठोकाठ भरलेला.

"ताईआत्यानं दिलाय," ती म्हणाली. "म्हनली, एवढं पी, मग खेळू आपन."

मेधाने तांब्याकडे बघितलं. सामन्याच्या ऐन आधी पाणी? तेही त्यांच्याकडून? पण लेकीचे ओठ सुकले होते. मेधाने तांब्या घेतला, आधी स्वतः एक घोट घेतला, थोडा वेळ थांबली, आणि मग किमयापुढे धरला.

किमयाने डावा हात पुढे केला.

मेधाने तांब्या मागे घेतला. "उजव्या हातानं धर," ती म्हणाली.

"आई, नको ना."

"धर, बाळा."

किमयाने धरला. तांब्या छातीपर्यंत आला आणि थरथरला. पाणी स्कर्टवर सांडलं, नव्या स्कर्टवर. मेधाने तांब्या लेकीच्या हातातून काढून घेतला आणि दिशाकडे दिला. दूर जाळीपाशी ताई उभी होती. इतके महिने ही बाई काय बघत होती, ते मेधाला तेव्हा कळलं. तांब्याच्या काठावर आपलीच चूक तिला दिसली असावी. मेधा वळली आणि स्वतः पंचांच्या टेबलापाशी गेली. किमयाचं नाव काढा म्हणाली. पुढची फेरी दिशाला द्या. ज्याची तिला इतकी भीती होती, ते तिने आपल्या हाताने केलं, आणि सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. आणखी एक-दोन स्पर्धा झाल्या असत्या तर वाढीचं हाड दुखावलं असतं. साडेतीन महिने विश्रांती लागली. माझी जागा हलक्या, छोट्या रॅकेटने घेतली. माझ्या सगळ्या तारा कापून मला बाजूला ठेवलं, आणि ते योग्यच झालं.

पुढे एक दिवस मेधा एकटीच खळ्यावर गेली. मला परत द्यायचं म्हणून काखेत घेऊन गेली होती. ताईने नेहमीप्रमाणे तांब्या दिला. मेधाने तो उंच धरून, धार सोडून, सगळा संपवला. मग रांजणातून परत भरला आणि ताईपुढे धरला. ताईने डाव्या हाताने घेतला.

"उजव्या हातानं घ्या, ताई."

"सवय हाय माजी."

"ही सवय नाही," मेधा म्हणाली. "सहा वर्षं तुम्हाला कुणी विचारलंच नाही."

ताई हसली, कुशाबासमोर हसली होती तशीच. पण मेधा काळजीखोर बाई, ती कसली सोडते. त्याच डॉक्टरांकडे तिला हाताला धरून घेऊन गेली. ते म्हणाले, उशीर झालाय, पण रोज व्यायाम केला तर भरलेला तांब्या उचलण्याइतकं बळ येईल. ताई म्हणाली, करते. आणि मला काही तिने परत घेतलं नाही. "ऱ्हाऊ दे तुमच्याकडं," म्हणाली, "कुनाच्या हातात दिऊ नका मातर."

२०१० मध्ये निषादची बदली हैदराबादला झाली. मी आता इथल्या भिंतीवर आहे, बिनतारांची. मेधा दर रविवारी ताईला फोन लावते आणि व्यायाम करता ना, असं विचारते. पलीकडून उत्तर येतं, "व्हय, करतुया की. लई बरं हाय." मेधा फोन ठेवते आणि माझ्याकडे बघते. माझा काही विश्वास बसत नाही. तिचाही नाही. फोनवर हात कुठे दिसतो?

म्हणून मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी घोटावड्याच्या बाजूला गेलं, तर सारवलेलं टेनिस कोर्ट कुठे आहे ते विचारा. कुणीही दाखवेल. ताई तुम्हाला आधी पाणी देईल. ते प्या, पाणी चांगलं आहे. मग तांब्या पुन्हा काठोकाठ भरा आणि तिच्यापुढे धरा. कशी आहेस, असं मात्र विचारू नका. फक्त ती तांब्या कोणत्या हाताने घेते ते बघा, आणि आम्हाला कळवा.