पांढऱ्या थराखाली

"ताई, आधी कातडी नीट बघायची. धुवून, हलक्या हातानं टिपून कोरडी करायची, मगच पातळ लावायचं. कातडी फुटली असेल तर हे लावायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं." नवीन पनवेलचे औषधवाले काका झिंक ऑक्साइडच्या दोन ट्यूब पुढे करत म्हणाले.

"माहितेय हो काका, बी.एस्सी. आहे मी!" प्रांजल हसून चालायलाही लागली.

एक ट्यूब सात महिन्यांच्या आभासाठी, दुसरी सासूबाईंसाठी. आशालताबाई मांडीचं हाड मोडून तीन आठवडे अंथरुणाला खिळल्या होत्या. आभाचं सगळं काकांनी सांगितलं तस्सं चाले. लेकीच्या अंगावर जरा लाली दिसली की प्रांजलचा जीव खालीवर होई. सासूबाईंचं डायपर बदलताना मात्र ती चादरीखालूनच हात घालायची, तोंड फिरवून. सुनेनं सासूला उघडं कसं पाहावं? अंदाजानंच कालच्या थरावर आजचा थर फासायची.

"उरक गं लवकर," आशालताबाईही म्हणायच्या.

आभाला अंघोळ घालायला येणाऱ्या जनीनं एक दिवस नाक आक्रसलं. "वैनी, म्हातारीच्या खोलीत वास येतो. बगितलंस काय?"

"अगं, रोज क्रीम लावते मी. चांगली भरपूर!"

"लावतेस गो. पन बगतेस काय?"

"आईंना लाज वाटते, जनी."

"बाजारात मासली घेताना कल्ला उचलून बगतेस, नी घरच्या मानसाला आंधल्यावानी चाचपतेस! पोरीला मुंगी चावली तरी तुला दिसतं. हिचं कोन बगनार?"

प्रांजलला राग आला. तरी ती जनीमागोमाग खोलीत गेली. दोघींनी आशालताबाईंना अलगद कुशीवर वळवलं. जनीनं कोमट पाण्याच्या बोळ्यानं, न घासता, तो घट्ट पांढरा थर भिजवून काढला. खाली, माकडहाडावर, लिंबाएवढी जखम होती. कडा काळपट, आत पू!

"अगं बाई! आई, सांगितलं का नाहीत?"

आशालताबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तू तोंड फिरवायचीस ना. वाटलं, किळस येते तुला. आणखी कशाला त्रास द्यायचा?"

प्रांजलला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

तासाभरात डॉक्टर आले. जखम बघून म्हणाले, "एकाच जागी पडून पडून झालेली जखम आहे ही. क्रीम वाईट नाही. धड कातडीला ओलीपासून वाचवते. पण चिघळलेल्या जखमेचं औषध नव्हे ते. तुम्ही जखम झाकत होतात आणि तुम्हाला वाटत होतं उपचार चाललाय. आणखी चार दिवस गेले असते तर जिवावर बेतलं असतं."

नवऱ्यानं, सत्यजीतनं, संध्याकाळी विचारलं, "आईचं जनीच करते ना? तिनं नीट पुसलं नसेल." क्षणभर 'हो' म्हणायचा मोह प्रांजलला झाला. "नाही," ती म्हणाली. "मी बघितलंच नाही."

त्या दिवसापासून दर दोन तासांनी ती सासूबाईंची कूस बदलू लागली, डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे जखम धुऊ लागली, आणि तोंड फिरवणं तिनं सोडलं. पहिल्या दिवशी दोघीही रडल्या. जखम भरायला अडीच महिने लागले.

लाज अंगाची नसते, दुर्लक्षाची असते. ट्यूब कितीही चांगली असो, ती डोळ्यांचं काम करत नाही. एवढं कळायला आपली पदवी पुरली नाही, हे प्रांजल आज मान खाली घालून कबूल करते. तिचं मागणं एवढंच, की तुमच्या घरात, शेजारी कुणी अंथरुणावर असेल, तर 'बरं आहे' या उत्तरावर थांबू नका. आजच त्यांना विचारून, उजेडात, त्यांची पाठ बघून याल का?