जागेश्वरचा नवा विषय

गाईला वैरण टाकायला कोठ्यात गेलेल्या देवकाबाईने कोपऱ्यातल्या मडक्यावरचं फडकं उचललं आणि ती दचकून मागे सरली. चुन्याच्या पाण्यात एक कवटी दात विचकून पडली होती. खाली नुसती हाडं.

कामठा गावात सकाळपासून एकच गलका होता. गेल्या दिवाळीत मेलेलं वानर गावाने तलावाच्या पाळीवर हळदकुंकू वाहून पुरलं होतं, तो खड्डा कोणीतरी उकरला होता. जादूवाल्याचंच काम, असं जो तो म्हणत होता.

नागपूरच्या कॉलेजातून सुटीत आलेला तिचा मुलगा जागेश्वर मागे येऊन उभा राहिला.

"माय, हळू बोल. मीच आणलं. शिकायसाठी."

"वकिलीत वानराचे हाडं कायले लागते?"

"वकिली नाई शिकत मी. आता कॉलेजात नवे विषय निघाले. कोणी झाडं शिकून राहिला, कोणी गोटे. मी प्राणिशास्त्र घेतलं. हाडं जोडून प्रोफेसरले दाखवतो."

"तुह्या बाबाले माहीत हाये?"

त्याने नकारार्थी मान हलवली. देवकाबाईचा नवरा दुलीचंद तर गावभर सांगत फिरत होता, पोरगा वकील होणार म्हणून.

पण देवकाबाईला वकिलीचं काही वाटत नव्हतं. जादूटोण्याच्या संशयावरून लोकांनी जबडा मोडलेला एक माणूस तिने बाजारात पाहिला होता. तोच आता डोळ्यांसमोर आला, जागेश्वरचा चेहरा घेऊन.

"गाव त्याले देव मानते, बाबू. काऊन हात लावला?"

"मले वाटलं, कोणाले कळणार नाई."

गल्लीतून शेजारच्या बकारामची हाक आली. तो माणसं घेऊन घरोघरी झडती घेत होता. देवकाबाईने हाडं जुन्या लुगड्यात गुंडाळली, टोपलीत घातली, वरून लाखोरीची डाळ ओतली आणि टोपली कमरेवर घेऊन दारात आली.

"पाहा ना घर, भावजी. आम्ही गोंदियाले बाजारले जाऊन राहिलो. बाबू, बंडीले बैल जुप."

बकारामने डाळीत हात खुपसला.

"डाळ बेस हाये, वहिनी. थोडी देऊन जा."

"हे बोलीची हाये, गिऱ्हाईकाले कबूल केली. तुमाले उद्या घरी आणून देतो."

त्याने मूठ सोडली आणि माणसं घेऊन तो घरात शिरला.

बंडीच्या प्रत्येक हिसक्याला डाळीखाली हाडं वाजत. तिने टोपली मांडीशी आवळून धरली होती. वाटेत तलावाच्या पाळीवर खड्ड्याभोवती माणसं उभी होती. देवकाबाईने टोपली गुडघ्यांत दाबली आणि सगळ्यांसारखे हात जोडले.

गोंदियाच्या स्टेशनवर लुगड्याचं गाठोडं घेऊन नागपूरच्या गाडीत चढताना जागेश्वर म्हणाला, "माय, चुकलो."

"जाय. अन् गावात असलं परत करू नोको."

घरी येताच तिने दुलीचंदला पोराच्या विषयाचं सांगून टाकलं. हाडांचं सांगितलं नाही. दुलीचंद त्या दिवशी जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी गावाने पाळीवर शांतीची पूजा घातली. देवकाबाई बायकांत बसली असताना बकारामच्या बायकोने तिला विचारलं, "कायची परीक्षा देते व तुहा पोरगा?"

"जनावराची," देवकाबाई म्हणाली. म्हटल्याबरोबर तिने जीभ चावली; आता हाडांचा संशय येणार, असं तिला वाटलं.

"बेस झालं," ती बाई म्हणाली. "आमची म्हैस दूध देऊन नाई राहिली. आला की धाड त्याले."