युरोपावरचा फिकट डाग

युरोपा हा गुरूचा चंद्र. अंगभर बर्फ, पण सगळा एका रंगाचा नाही. कुठे पांढराशुभ्र, कुठे पिवळसर, कुठे तपकिरी. यानाने पाठवलेल्या फोटोंवरून त्याच्या रंगाचा आणि उजळपणाचा नकाशा करायचं काम मुंबईच्या एका हौशी खगोलमंडळाने गर्शोमकाकांकडे सोपवलं होतं. काकांची उभी हयात फोटो धुण्यात गेलेली. जोडीला शेजारची हेप्झिबा, कॉलेजात फिजिक्स शिकवणारी. शनिवारी शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार, म्हणून रविवारी सकाळी दोघं खांदा कॉलनीतल्या काकांच्या घरी बसत.

फोटोवर चौकोन आखलेले. प्रत्येक चौकोन रंगपट्टीशी ताडून ज्याने त्याने छटेचा नंबर आपल्या कागदावर लिहायचा, दुसऱ्याचा न बघता. जुळला की नकाशावर चढवायचा.

हल्ली काकांना पांढरं आणि पिवळसर एकच दिसू लागलं होतं. हेप्झिबाच्या ते लगेच ध्यानात आलं. पण ज्यांनी लहानपणी तिला डार्करूममध्ये फोटो उमटताना दाखवले, त्यांना ‘तुम्हाला दिसत नाही’ असं कोणत्या तोंडाने सांगणार? भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही. काका चहा सांगायला आत गेले की ती त्यांचा कागद बघे आणि आपला नंबर खोडून त्यांचाच लिही. नंबर जुळले की काका खूश. आणि युरोपावर कोण राहतंय तक्रार करायला, अशी ती मनाची समजूत घाली.

मग एक दिवस काकांच्या उजव्या डोळ्यात असह्य कळा सुरू झाल्या. मोतीबिंदू फार पिकला, डोळ्यातला दाब वाढला, हा डोळा गेला, असं डॉक्टर म्हणाले. डाव्याचं ऑपरेशन तेवढं वेळेवर झालं.

“किती मागे लागले होते गं मी, डोळे दाखवा म्हणून,” काकांची मुलगी ओर्ली दवाखान्यात रडत म्हणाली. “तर म्हणायचे, हेप्झीशी माझं तंतोतंत जुळतंय, डोळ्यांना काय धाड भरलीय?”

हेप्झिबाला ओर्लीकडे बघवेना.

नवा चष्मा आल्यावर काकांनी पहिल्यांदा युरोपाचा फोटो मागवला. बराच वेळ ते त्यावर वाकून होते.

“हेप्झी, हा पिवळसर डाग केवढा ठळक आहे! तुला दिसला नव्हता?”

“दिसला होता, काका.”

काकांनी चष्मा काढून फोटोवर ठेवला. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“मग मला सांगायचंस ना गं.”

“काय झालं, पप्पा?” स्वयंपाकघरातून ओर्लीने विचारलं.

“काही नाही,” काका म्हणाले. “एक डाग आम्हा दोघांच्याही नजरेतून सुटला होता.”